साडेपाच तासांचा फरक

भाषा शिकवणाऱ्या माणसाकडे मोहल्ल्यातले कागद आपोआप येतात. रेशनकार्डावर नाव चुकलंय, बँकेचं पत्र आलंय, वारसाचा अर्ज लिहायचाय, दाखल्यावर आईचं नाव घालायचंय. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. संध्याकाळी अर्ज लिहून देते. पैसे घेत नाही, पण लिहिण्याआधी प्रश्न खूप विचारते. त्यामुळे काहीजण कंटाळून दुसरीकडे जातात.

मार्चमध्ये एक माजी विद्यार्थी असाच कागद घेऊन आला. दहावीनंतर आयटीआय केलेला मुलगा. तासगाव-मिरज भागातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ठेकेदाराकडून ऑपरेटर म्हणून लागलेला. द्राक्षाचा हंगाम म्हणजे या लोकांची दिवाळी आणि परीक्षा एकदमच. बागेतून माल येतो, प्रीकूलिंग होतं, मग बॉक्स कोल्ड रूममध्ये शून्य अंशाच्या आसपास ठेवतात आणि कंटेनर भरून बंदराकडे जातो. रात्री दहा ते सकाळी सहा ही त्याची पाळी. कॉम्प्रेसर बघायचे, तापमान बघायचं, दर तासाला लॉगबुकात लिहायचं.

पत्रात लिहिलं होतं की ४८ तासांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.

'खुलासा' हा शब्द मी वर्गात नेहमी उदाहरण म्हणून देते. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. शब्द एकच, पण सरहद्द ओलांडली की काम बदलतं. या मुलाकडून दोन्ही हवं होतं. काय घडलं ते थोडक्यात सांगायचं आणि का घडलं तेही सांगायचं. अडचण एवढीच की काय घडलं ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्याच्यावर तीन आरोप होते. पहिला, ३ मार्चच्या रात्रपाळीत रात्री दहा ते दोनपर्यंत तापमानाच्या नोंदी अतिशय विरळ आहेत, म्हणजे रेकॉर्डर बंद ठेवला असावा. दुसरा, काही नोंदींच्या वेळा दोनदा आल्या आहेत आणि काही ठिकाणी वेळ मागे गेली आहे, म्हणजे नोंदींत ढवळाढवळ झाली असावी. तिसरा आणि सगळ्यात मोठा, ४ मार्चच्या पहाटे २:१० ते ४:४० या काळात कोल्ड रूमचं तापमान ५.८ अंशांपर्यंत चढलं, म्हणजे ऑपरेटर झोपला असावा. परदेशातून मालात कूज असल्याची तक्रार आली होती. कारण शोधताना कुणीतरी कॉम्प्युटरमधून नोंदी काढल्या आणि त्या नोंदींत त्यांना हा मुलगा सापडला.

"टीचर, मी झोपलो नव्हतो," एवढंच तो म्हणत होता. यावर विश्वास ठेवायला मला अडचण नव्हती. पण 'मी झोपलो नव्हतो' हे वाक्य म्हणजे खुलासा नव्हे. 'असावा' या क्रियापदाशी शपथेने लढता येत नाही.

पत्रासोबत चार पानांची प्रिंट होती. एक तक्ता आणि एक आलेख. आलेखाच्या खालच्या रेघेवर महिने छापलेले होते, जानेवारी ते डिसेंबर. आम्ही मार्चमध्ये बसलो होतो आणि कागदावर डिसेंबरचं तापमान आलेलं होतं! मी तो कागद फोनवरून भाच्याला पाठवला. तो चाकणला इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, कारखान्यातले सेन्सर आणि त्यांच्या नोंदी हेच त्याचं रोजचं जेवण. पाचच मिनिटांत त्याचा फोन आला. "खाला, हा कागद बाजूला ठेवा. ही एक्सेलने शिजवलेली भाजी आहे. आम्हाला कच्ची भाजी पाहिजे. मूळ सीएसव्ही फाईल मागून घ्या आणि तिच्यावर डबल क्लिक करून उघडू नका."

म्हणून मी पहिला अर्ज खुलाशाचा लिहिलाच नाही. मूळ फाईल, त्या रात्रीचं लॉगबुक आणि गेटचं रजिस्टर यांच्या प्रती मिळाव्यात आणि तोवर मुदत वाढवावी, असा अर्ज लिहिला. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. दोन दिवसांनी पेन ड्राइव्ह आणि झेरॉक्स मिळाल्या. रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर मी, तो मुलगा आणि व्हिडिओ कॉलवर भाचा, असे तिघे बसलो.

आधी डिसेंबरचा उलगडा. फाईलमध्ये तारखा आपल्या पद्धतीने होत्या, आधी दिवस मग महिना. ऑफिसातला कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर लावलेला होता, आधी महिना मग दिवस. त्यामुळे ०१/०३ म्हणजे १ मार्च हा ३ जानेवारी झाला, ०२/०३ हा ३ फेब्रुवारी, ०४/०३ हा ३ एप्रिल. असं करत १२ मार्चचा ३ डिसेंबर झाला. १३ मार्चला गाडी अडली, कारण तेरावा महिना नसतो. तिथून पुढच्या तारखा कॉम्प्युटरने तारीख म्हणून न घेता नुसती अक्षरं म्हणून ठेवल्या. ओळखायची खूण सोपी आहे. एक्सेलमध्ये ओळखलेली तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, न ओळखलेली डावीकडे चिकटून राहते. एकाच रकान्यात दोन्ही दिसल्या की समजावं, काहीतरी उलटसुलट झालंय.

प्रत्येक नोंद महिन्याच्या ३ तारखेची! मला आमच्या मागच्या पिढीची आठवण झाली. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकायचे. आजही कुठल्याही गावात गेलात तर १ जूनला जन्मलेल्यांची फौज सापडेल. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं दिसलं तर शहाण्या माणसाने गावाविषयी नव्हे, रजिस्टरविषयी प्रश्न विचारावा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा का लिहितात, हेही मुलांना मी याच ठिकाणी सांगते. ४/३ चे दोन अर्थ होतात. 'चार मार्च' चा एकच होतो.

मग दोनदा आलेल्या वेळा. मूळ फाईलमध्ये वेळेत सेकंद होते. एक्सेलने दाखवताना फक्त तास आणि मिनिटं दाखवली. त्यामुळे ००:३४:१० आणि ००:३४:४० या दोन वेगळ्या नोंदी प्रिंटवर जुळ्या बहिणी झाल्या. अशी फाईल तिथेच सेव्ह केली तर सेकंद कायमचे जातात. म्हणून भाचा कच्च्या फाईलसाठी हट्ट धरून बसला होता.

आता विरळ नोंदी. मला वाटलं होतं की यंत्र ठरावीक वेळाने नोंद करत असणार, शाळेच्या घंटेसारखं. भाच्याने सांगितलं तसं नाही. या यंत्रात सेन्सर दर दहा सेकंदांनी तापमान बघतो, पण नोंद तेव्हाच ठेवतो जेव्हा आकडा ०.२ अंशांहून जास्त हललेला असतो. काहीच हललं नाही तर दहा मिनिटांनी 'मी जिवंत आहे' म्हणून एक नोंद टाकतो. जागा वाचावी म्हणून कारखान्यांतली बरीच यंत्रं अशीच चालतात. मग आम्ही नोंदींमधली अंतरं मोजली. विरळ भागात १० मिनिटं, १० मिनिटं, १० मिनिटं. तापमान ०.५, ०.६, ०.५. झोपलेला माणूस किंवा बटण बंद करणारा माणूस इतका वक्तशीर नसतो. नोंदी विरळ होत्या कारण खोली शांत होती. ज्याला ते पुरावा समजत होते, तो खरं तर थंडावा चोख असल्याचा दाखला होता.

इथे मला भाषेच्या शिक्षिकेचं काम मिळालं. 'नोंद नाही' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी लपतात. नोंद करायचं राहिलं, हा एक अर्थ. नोंदवण्यासारखं काही झालं नाही, हा दुसरा. पत्र लिहिणाऱ्याने पहिला अर्थ धरला होता. फाईल दुसरा सांगत होती. दोन्हींतला फरक ओळखायचा तर यंत्र जास्तीत जास्त किती वेळ गप्प बसू शकतं ते आधी माहीत हवं. त्याहून लांब शांतता असेल तर ती संशयाची.

अशी शांतता फाईलमध्ये एकच होती. ३ मार्च, १९:५० नंतर थेट २०:१४. चोवीस मिनिटं. आणि पुढे खाली गेल्यावर १९:५० ते २०:१४ च्या नोंदी एका गठ्ठ्याने आल्या होत्या. हीच ती 'मागे गेलेली वेळ'. भाचा हसला. "इंटरनेट गेलं होतं. यंत्राला बॅटरी आहे, ते लिहीत राहिलं. ऑफिसातलं राउटर बंद पडलं. ते सुरू झाल्यावर अडकलेल्या नोंदी एकदम पोचल्या."

घटना घडण्याची वेळ वेगळी आणि बातमी पोचण्याची वेळ वेगळी, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. चांद एका गावी दिसतो, खबर दुसऱ्या गावी रात्री उशिरा येते. खबर उशिरा आली म्हणून चांद उशिरा उगवला असं कुणी म्हणत नाही. नोंदी पोचण्याच्या क्रमाने न लावता घडण्याच्या वेळेने लावल्या, तेव्हा अख्ख्या फाईलमध्ये दहा मिनिटांहून मोठं एकही भोक उरलं नाही.

पण मुलगा चुळबुळत होता. "टीचर, लाइट त्या रात्री गेली होती हे खरं. पण संध्याकाळी पावणेआठला नाही. तेव्हा माझी पाळीच नव्हती. लाइट माझ्या पाळीत गेली." लॉगबुक उघडलं. त्याच्याच हस्ताक्षरात होतं: लाइट गेली १:२०, जनरेटर सुरू १:२६, लाइट आली १:४४. गेली ते आली, चोवीस मिनिटं. कॉम्प्रेसर जनरेटरवर चालले, ऑफिसची लाइन जनरेटरवर नव्हती.

१९:५० ते १:२० यांत फरक किती? साडेपाच तास. २०:१४ ते १:४४? साडेपाच तास.

फाईल भारतीय वेळेत नव्हतीच. ती यूटीसीत, म्हणजे पूर्वी ज्याला आपण ग्रीनिच वेळ म्हणायचो तिच्यात निघाली होती. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. बरीच यंत्रं आतल्या आत याच जागतिक वेळेत लिहितात आणि पडद्यावर दाखवताना स्थानिक वेळ करून दाखवतात. फाईल बाहेर काढताना मात्र कधी कधी आतलीच वेळ तशीच बाहेर येते आणि ती कुठली वेळ आहे हे वर लिहिलेलं नसतं.

भाच्याने आणखी एक साक्षीदार उभा केला. कोल्ड रूमच्या कॉइलवर बर्फ साचतो, तो काढायला टायमरवर डिफ्रॉस्ट होतं. इथे दर सहा तासांनी, बारा-सहा-बारा-सहा. तेव्हा तापमान जरासं वर येऊन परत बसतं. फाईलमध्ये हे उंचवटे ००:३०, ६:३०, १२:३०, १८:३० ला होते. एवढ्यावरून नुसतं कळलं असतं की घड्याळ अर्धा तास पुढे आहे, कारण सहा तासांच्या फेऱ्यात अर्धा तास पुढे आणि साडेपाच तास मागे हे सारखंच दिसतं. लॉगबुकातली लाइट नसती तर आम्ही भलत्याच निष्कर्षावर गेलो असतो. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे इथेही लागू पडतं.

आता तिसरा आरोप. फाईलमधले २:१० ते ४:४० म्हणजे भारतीय वेळेनुसार सकाळी ७:४० ते १०:१०. मुलाची पाळी सहाला संपली होती. तो घरी चहा पिऊन झोपला असेल, आणि ती झोप त्याच्या हक्काची होती. गेटच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी कंटेनर ७:२० ला आत आलेला आणि १०:३० ला बाहेर गेलेला. म्हणजे माल भरायला कोल्ड रूमचं दार उघडं होतं.

मुलाचा चेहरा उजळला. आणि लगेच पडला. "मग आता सकाळच्या पाळीवाल्यांवर येणार का टीचर?"

हा प्रश्न मी लिहून ठेवला आहे. कारण माझ्याही हातात तेव्हा पेन होतं आणि 'सकाळच्या पाळीच्या निष्काळजीपणामुळे' हे वाक्य लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. सकाळी माल भरणारे हमाल आणि बायका रोजंदारीवरचे. त्यांच्यातला कुणी माझ्याकडे अर्ज लिहायला आला नव्हता. ज्या घाईने याला पकडलं, त्याच घाईने आम्ही त्यांना पकडून द्यायचं का? कंटेनर भरायचा हुकूम वरूनच आलेला, आणि दार उघडल्याशिवाय कंटेनर भरत नाही. शिवाय सेन्सर दाराजवळचा, तो हवेचं तापमान सांगतो. बॉक्समधल्या घडाचं तापमान हवेइतक्या वेगाने चढत नाही. कूज कशामुळे झाली हे ही फाईल सांगूच शकत नाही. बागेपासून परदेशापर्यंत शंभर कारणं असतात.

म्हणून खुलाशात आम्ही एवढंच लिहिलं: फाईलमधील वेळ जागतिक वेळ असून भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावेत, याचा पडताळा लॉगबुकातील वीज खंडित होण्याच्या नोंदीवरून आणि डिफ्रॉस्टच्या वेळांवरून होतो, नोंदींतील जास्तीत जास्त अंतर यंत्राच्या ठरलेल्या दहा मिनिटांइतकेच आहे, तापमानवाढीचा काळ माझ्या पाळीनंतरचा असून तो गेट रजिस्टरमधील कंटेनर भरण्याच्या वेळेशी जुळतो, केवळ या नोंदीवरून कोणाचीही चूक ठरवता येणार नाही. शेवटचं वाक्य मुलाने स्वतः घालायला लावलं. व्याकरण माझं, माणुसकी त्याची.

कुठल्या रात्रीला कुठली तारीख, हा घोळ तर आमच्या घरातला. आपल्या हिजरी हिशोबात दिवस मगरिबला सुरू होतो. शबे जुमा म्हणजे गुरुवारची रात्र. कॅलेंडरवाले शेजारी दरवर्षी विचारतात, "शबे बरात नक्की किती तारखेला?" आणि आम्ही दोन तारखा सांगतो. कारखान्यात उलटं आहे. ३ तारखेची रात्रपाळी ४ तारखेला संपते, पण लॉगबुकाच्या पानावर ३ च राहते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. कागदावर कुठली पद्धत वापरली ते लिहिलं नाही, तर भांडण ठरलेलं.

मशिदीतलं नमाजच्या वेळांचं जुनं वेळापत्रक बघा, वर गावाचं नाव असतंच. मुंबईचं वेळापत्रक सांगलीत चालत नाही, सूर्य सहा-सात मिनिटं आधी माथ्यावर येतो. घड्याळाची वेळ तरी कुठे एक होती? १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. मुंबईत कुणी 'दहा वाजता ये' म्हटलं की लोक विचारायचे, कुठले दहा? तो प्रश्न आपण विसरलो. घड्याळं एक झाली म्हणून विसरलो, आणि आता यंत्रं दुसऱ्याच घड्याळात लिहितात तेव्हा विचारायचं सुचत नाही.

आरोप मागे घेतल्याचं पत्र काही आलं नाही. अशी पत्रं येत नसतात. पण महिन्याचा पगार पूर्ण आला, तीन दिवस कापलेले नव्हते, आणि फाईलच्या वर आता 'वेळ: यूटीसी' असं छापून येतं, हे तो सांगून गेला. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहायला लागलेत. म्हणजे आता दोन अर्थ होत नाहीत.

आपली बरीच मुलं अशा ठिकाणी कामाला आहेत. कोल्ड स्टोरेज, कारखाने, गोडाऊन, डिलिव्हरी. त्यांच्या येण्याजाण्याची, हातांच्या वेगाची नोंद कुठलंतरी यंत्र ठेवतंय आणि उद्या तीच नोंद त्यांच्यासमोर ठेवली जाईल. उर्दूत 'तारीख' म्हणजे दिनांकही आणि इतिहासही. कुणाच्या आयुष्याचा इतिहास कुणाच्या फाईलमधल्या तारखेवर ठरू लागला असेल, तर निदान चार प्रश्न विचारायला त्यांना शिकवू या. मूळ फाईल कुठे आहे? वेळ कुठली आहे? यंत्र नोंद कधी करतं आणि कधी करत नाही? आणि याची दुसरी साक्ष कुठे आहे?

आणि एक वही. त्या मुलाला वाचवणारी खरी साक्ष कॉम्प्युटरमध्ये नव्हती, ती बॉलपेनने लिहिलेल्या एका ओळीत होती: लाइट गेली १:२०. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत त्याला कधी दहापैकी पाचच्या वर गुण मिळाले नाहीत. ती ओळ मात्र त्याने वेळेवर आणि खरी लिहिली होती.